सासऱ्याची तोंडपाहणी

बुरुल समोर येऊन बसली की भल्याभल्यांना घाम फुटतो, असं अत-बाशीच्या खोऱ्यात म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. चित्र काढून घ्यायला आलेला माणूस नवा अंगरखा घालून, मिशी कातरून, पोट आत ओढून स्टुलावर बसतो. बुरुल त्याच्यापासून चार हातांवर बसते आणि बघत राहते. कोळशाला हात लावत नाही. पंधरा मिनिटं होतात, अर्धा तास होतो. आत ओढलेलं पोट बाहेर येतं, घरून ठरवून आणलेलं हसू गळून पडतं, तरी हिचं बघणं चालूच. आपण इथे कशाला आलो होतो हे तो माणूस विसरला की मग ती कोळसा उचलते.

वरच्या आळीतला दुकानदार एकदा वैतागून म्हणाला होता, "एजे, ताई, बाजारात मेंढी घेतानासुद्धा माणूस एवढा वेळ बघत नाही गं!"

"मेंढीचे दात बघितले की झालं," बुरुल म्हणाली. "मी तुमचे कान बघतेय. हलू नका."

कान हे तिचं वेड. तोंडाला माणूस हवं ते करायला लावतो, कानाला काही करायला लावता येत नाही, असं तिचं म्हणणं. त्या खोऱ्यात चित्रं काढणारे आणखी दोघं आहेत. ते कुणालाही जरीचा अंगरखा चढवतात, मागे बर्फाचा डोंगर उभा करतात आणि मनगटावर गरुड बसवून देतात. जन्मभर दूध संघात हिशेब लिहिलेला माणूस त्यांच्या हातून खान होऊन बाहेर पडतो आणि खूश असतो. बुरुलच्या चित्रात मागे फक्त राखाडी नमदा, लोकरीचा जाड पट. अंगात रोजचा कोट. मस असेल तर मस. "एवढा मस तेवढा काढून टाका," म्हणणाऱ्याला ती नारिन शहरातल्या डॉक्टरचा पत्ता देते. तरी लोक तिच्याकडे येतात. तिची चित्रं पहिली काही वर्षं कपाटामागे असतात, आणि माणूस गेला की भिंतीवर येतात.

ती राजधानीत चित्रकला शिकायला गेली तेव्हा देश एक होता, शिकून परत आली तेव्हा तो फुटून दुसराच झाला होता. शिकवणाऱ्यांचे पगार थांबले, वसतिगृहातली शेगडी थांबली, आणि शेवटचं वर्ष तिने हातमोजे घालून रंगवलं. गावी येऊन शाळेत चित्रकलेची बाई झाली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि मग कुणाच्या तरी साठीच्या समारंभाला आहेर म्हणून पहिलं माणसाचं चित्र काढलं. त्याचं दाम म्हणून एक मेंढा मिळाला. आता तिच्या नावावर दोनशेच्या वर चेहरे आहेत. एकदा तर तिची पाच चित्रं राजधानीतल्या एका मोठ्या दालनात लागली होती. तिथल्या एका चष्मेवाल्या मुलीने तिला विचारलं, "तुमच्या शैलीबद्दल सांगाल का?" बुरुल बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी बघते. मग काढते." मुलीने वही मिटली. बुरुल संध्याकाळच्या गाडीने परत आली, कारण घरी दूध काढायचं होतं.

असा हिचा लौकिक. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की खोऱ्यातले दोनशे चेहरे बघून काढणाऱ्या बुरुलने आपल्या सासऱ्याचा चेहरा अठ्ठावीस वर्षांत एकदाही सरळ पाहिला नव्हता.

यात भांडणतंटा काही नव्हता. रीतच तशी. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही, त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आजकालच्या मुली यातलं निम्मंअर्धं पाळतात, राजधानीतल्या तर तेवढंही नाही. पण बुरुल ज्या घरात पडली ते घर पाळणाऱ्यातलं, आणि सासू कडक होती. सासऱ्याचं नाव तेमिरकान. त्यातलं 'तेमिर' म्हणजे लोखंड, म्हणून बुरुलने अठ्ठावीस वर्षं लोखंडालाही लोखंड म्हटलं नाही. 'ती कडक वस्तू' म्हणते. खिळे आणायला गेली की दुकानदार मुद्दाम विचारतो, "कशाचे हवेत एजे, लाकडाचे?"

सासऱ्याला ती 'अता' म्हणते. तिच्या ओळखीचा अता म्हणजे एक डावा कान, जबड्याची एक कड, पांढऱ्या दाढीचं टोक आणि चहाचा वाडगा धरणारे दोन हात. कारण अता बसायचा दारासमोरच्या मानाच्या जागी, आणि ती दाराजवळ, समोवारशेजारी, मान खाली घालून चहा ओतत. तिथून जेवढं दिसेल तेवढं दिसलं. पाठ मात्र चांगली ठाऊक होती, घोड्यावर बसून जाताना दिसायची ती. म्हातारा जुन्या सामूहिक शेतीच्या दिवसांत घोड्यांच्या तुकडीचा प्रमुख होता. फार बोलत नसे. तो तबेल्याच्या दारात नुसता येऊन उभा राहिला की माणसं कामाला लागत, असं गावातले जुने लोक सांगतात. बुरुल त्याला भ्यायची. सासूला भ्यायची त्याहून जास्त, कारण सासू निदान ओरडायची.

सासू जाऊन सहा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. अता आदल्या वर्षी वारलेल्या सुलतान नावाच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला जाऊन आला. हातपाय धुऊन मानाच्या जागी बसला. बुरुलने अर्धा वाडगा चहा भरून दोन्ही हातांनी पुढे केला. त्याने घेतला, प्याला नाही.

"त्या सुलतानच्या थडग्याच्या दगडावर," अता चहाच्या वाडग्याला म्हणाला, "त्याचा पासपोर्टमधला फोटो कोरलाय. मेंढी चोरताना पकडल्यासारखा दिसतोय."

बुरुलचा नवरा सागिन हसला. वडील हसले नाहीत हे बघून थांबला.

"माझाही तसलाच आहे," अता म्हणाला. "तो लावू नका. इथून रस्त्याने जाणारा-येणारा मला जन्मभर... म्हणजे पुढे कायम, तसाच बघणार." त्याने वाडगा हातात फिरवला. "घरात एवढी चित्रं काढणारी आहे."

एवढं बोलून त्याने चहा संपवला. इतकं लांब बोलणं बुरुलने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती समोवारच्या तोटीकडे बघत होती आणि तिचे कान गरम झाले होते.

सप्टेंबरात अताला ऐंशी पूर्ण होणार होती. सागिनचा थोरला भाऊ जोल्चू राजधानीतून यायचा होता, दोनशे माणसांचं जेवण व्हायचं होतं, आणि तेव्हा सगळ्यांसमोर चित्राचा पडदा उघडायचा असं घरात ठरलं. तेच चित्र पुढे दगडावर कोरायचं, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे अताचा कायमचा चेहरा आता बुरुलच्या हातात होता, आणि तो चेहरा तिने पाहिलेला नव्हता.

तिने सोपा रस्ता धरला. घरामागच्या जुन्या लोकरीच्या खोलीत ती चित्रं काढते. तिथे बसून तिने आठवणीतला कान काढला, दाढी काढली, हात काढले, आणि मधली जागा आदराने भरली. भुवया जाड केल्या, नजर दूर डोंगराकडे लावली, कपाळावर तीन आडव्या रेषा घातल्या. महिनाभरात चित्र पुरं झालं.

"हुबेहूब!" सागिन म्हणाला. नणंद आली होती, तिने तर डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं. शेजारची येऊन गेली, तीही म्हणाली, "जसेच्या तसे उतरलेत गं." बुरुलला जरा हलकं वाटलं. एवढे जण म्हणतात तर असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या चित्राबद्दल तिने असं ऐकून घेतलं नसतं.

मग बैशेन आला. बैशेन हा अताचा समवयस्क, एकाच वर्षी जन्मलेला, शाळेत एकाच बाकावरचा. त्या खोऱ्यात समवयस्काला सगळी मोकळीक असते. जे मुलगा बोलू शकत नाही, बायको बोलू शकत नाही, ते समवयस्क चारचौघांत बोलतो आणि त्याचा राग धरायचा नसतो. बैशेनने ही मोकळीक जन्मभर पुरेपूर वापरली होती. ट्रक चालवायचा तो. आता दात गेले होते, जीभ शाबूत होती.

तो कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला आला आणि वाडगा हातात घेऊनच लोकरीच्या खोलीत शिरला. बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.

"हा कोण? मंत्री?"

बुरुल दाराशी उभी होती.

"नाही, थांब, ओळखला. तेमिरकानचा बाप! तो असाच होता, लांब बघणारा. म्हणून तर एकदा जवळच्या खड्ड्यात पडला." त्याने एक घोट घेतला. "चांगला काढलायस. पण तुला तो कुठे भेटला गं केलिन, सूनबाई? तो मेला तेव्हा तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती."

"अबा," बुरुल वडीलधाऱ्याचा मान देऊन म्हणाली, "सगळे म्हणतात की..."

"सगळे म्हणजे कोण? सागिन? तो बापासमोर स्वतःच्या बुटांकडे बघतो. ती रडकी नणंद? एवढ्या घरात त्याच्या तोंडाकडे बघितलंय कुणी?" मग त्याने मान वळवली. "तू बघितलंयस?"

बुरुलने मान खाली घातली. बैशेन हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, कुमिस सांडलं, बुरुलने फडकं दिलं. फडक्याने कोट पुसत तो म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! साऱ्या खोऱ्याची तोंडं बघत फिरलीस पोरी, आणि घरातलं एक राहिलं."

जाताना मात्र तो दारात थांबला. आवाज बदलला होता. "आरसा लाव. आरशात बघायला कुणी नाही म्हणत नाही. मी विचारलंय मुल्लाला, माझ्या सुनेसाठी." मुल्लाला त्याने विचारलं नव्हतं, हे बुरुलला माहीत होतं. त्याच्या सुनेला चित्र काढता येत नाही.

बुरुलने ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि माहेरून आलेलं आरशाचं कपाट सागिनकडून खोलीत ओढून घेतलं. सागिनने विचारलं नाही, कारण त्याला उत्तर नको होतं. दुसऱ्या दिवशी अता येऊन आरशासमोर बसला. बुरुल बाजूला, थोडी मागे, अशी की तिची पाठ त्याच्याकडे नाही आणि तोंडही नाही. तिने आरशात पाहिलं.

पहिल्यांदाच तिला उजवा कान दिसला. तो डाव्यापेक्षा लहान होता आणि वरच्या कडेला जरासा तुटलेला, थंडीने की घोड्याने, कोण जाणे. अठ्ठावीस वर्षं ती ज्या माणसाला चहा देत होती त्याचा दुसरा कान असा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं. तिने कोळसा घेतला. आरशातलं उलटं सुलटं करणं तिच्या हाताला अवघड नव्हतं. कपाळ उतरलं, गालाची हाडं उतरली, जाड भुवया नव्हत्याच मुळी, विरळ होत्या, त्याही उतरल्या. मागचं चित्र खरंच दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

अडलं ते डोळ्यांपाशी. ती आरशात वर पाहायची तेव्हा म्हाताऱ्याच्या पापण्या खाली असायच्या. एकदाच काय ते दोघांनी एकदम वर पाहिलं आणि दोघांनी एकदम खाली. त्यानंतर अता सगळा वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी चित्रात सगळं होतं आणि डोळ्यांच्या जागी कॅनव्हासचे दोन कोरे ठिपके होते.

"झालं?" अताने गुडघ्यांना विचारलं.

"डोळे राहिलेत, अता."

म्हाताऱ्याने गुडघ्यांवर हात टेकले. मग उठला आणि निघून गेला. समारंभाला अकरा दिवस उरले होते. बुरुल ठिपक्यांकडे बघत बसली. बंद डोळ्यांचा काढू का, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्याची तिलाच लाज वाटली. बंद डोळ्यांचा म्हणजे मेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध काढून येत होती तेव्हा अता अंगणात उभा होता. नुसता उभा. बुरुल थांबली, बादली खाली ठेवली, डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"कपाट परत नेऊन ठेव," अता म्हणाला. कुंपणाला म्हणाला.

"अता, मला नाही जमायचं."

"तू आलीस तेव्हा," अता कुंपणालाच सांगत होता, "सूनमुख पाहायला सगळं गाव जमलं होतं. गाणाऱ्याने गाणं म्हटलं. तुझ्या तोंडावरचा पडदा उचलला. तोंड पाहायचं तर पाहणी द्यावी लागते, रिकाम्या हाताने पाहता येत नाही. मी काय दिलं होतं?"

"तांबडं शिंगरू."

"शिंगी होती, मादी. वर्षाची. आईसुद्धा चांगली होती तिची." तो थांबला. "आता तुला माझं तोंड पाहायचंय. मग तुझी पाहणी कुठे आहे?"

बुरुलला आधी वाटलं, अता रागावलेत. मग तिला त्याच्या दाढीचं टोक हलताना दिसलं. अता थट्टा करत होता. अठ्ठावीस वर्षांत पहिली. काय करावं हे न सुचून ती वळली आणि जवळजवळ पळतच परड्यात गेली.

त्या तांबड्या शिंगीची मोठी घोडी झाली होती, तिला मुलगी झाली होती आणि त्या मुलीची मुलगी आता चार वर्षांची होती, आजीच्याच रंगाची. सूनमुखाची भेट ही सुनेची स्वतःची असते, तिच्या वंशावर नवऱ्याचाही हक्क नसतो. घर, शेत, मेंढ्या, सगळं सासरचं. बुरुलचं म्हणण्यासारखं त्या घरात रंगांची पेटी आणि ही घोडी. तिने लगाम लावला आणि घोडी अंगणात आणून उभी केली.

"त्याच तांबडीची नात," ती म्हणाली.

अताने लगाम हातात घेतला. मग जे झालं ते बुरुलने पुढे कुणालाही सांगितलं नाही, सागिनलाही नाही. म्हाताऱ्याने घोडीचं तोंड उघडून दात पाहिले, मानेवरून हात फिरवला, पुढचा पाय उचलून खूर पाहिला. तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता, आणि त्याचं सगळं अंग सैल झालं होतं. घोडीच्या डोळ्यांत तो सरळ बघत होता. तिथे त्याला काही अडचण नव्हती.

"चांगली आहे," तो म्हणाला. "हिला विकू नका. माझ्या वर्षाच्या जेवणाला कापायला होईल."

आणि लगाम न सोडता, घोडीकडे बघत होता तसाच, त्याने मान वळवून बुरुलकडे पाहिलं. "बघ," तो म्हणाला. "लवकर बघ, पोरी."

बुरुलने बघितलं.

अता कडक नव्हता. तो लाजाळू होता. पिंगट, ओलसर, बारीक डोळे, आणि आपल्याला कुणी बघत असेल तर काय करायचं असतं हे ऐंशी वर्षांत न कळलेल्या माणसाची नजर. तबेल्याच्या दारात हा नुसता उभा राहायचा कारण आत जाऊन काय बोलावं ते याला सुचत नव्हतं, आणि लोक ते दरारा समजून कामाला लागायचे. सुनेने वर बघायचं नाही ही रीत होती म्हणून यालाही वर बघावं लागलं नाही, आणि त्यात हा सुटल्यासारखा राहिला. दोघंही अठ्ठावीस वर्षं एकमेकांना भीत एका सतरंजीवर चहा पीत होती. बुरुलला रडू आलं नाही. पण इतकी वर्षं फुकट गेली, असं तिला वाटलं आणि ते खरंच होतं.

तिने नेहमीसारखं तासभर बघितलं नाही. तेवढा त्याचा धीर नव्हता, आणि तिला तेवढ्याची गरजही पडली नाही. घोडीने मान झटकली, अताने तिच्याकडे पाहिलं आणि झालं.

समारंभाच्या दिवशी अंगणात तंबू होते, घोड्याचं मांस शिजत होतं, माइकवरचा माणूस कविता म्हणत होता. जोल्चूने पडदा ओढला. टाळ्या वाजायला सुरुवात झाली आणि मध्येच विरळ झाल्या. राखाडी नमद्यासमोर रोजच्या कोटातला एक म्हातारा, एक कान लहान, तुटका, आणि हसावं की मान खाली घालावी अशा बेतात थेट समोर बघणारा.

"अता... असे कुठे आहेत?" जोल्चू दबक्या आवाजात सागिनला म्हणाला. "लाजल्यासारखे? एवढे मोठे लोक आलेत. त्यांची सरकारी पदकं तरी दाखवायची होती कोटावर."

सागिनने बुटांकडे पाहिलं. बुरुल लांब, बायकांत, चहाच्या किटल्यांजवळ उभी होती. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोरही सुनेने बोलायचं नसतं. सगळे बैशेनकडे बघायला लागले. आता हा काहीतरी झणझणीत बोलणार, मग हसून मोकळं होता येईल.

बैशेन काठी टेकत चित्राजवळ गेला. वाकून पाहिलं.

"पहिलीत," शेवटी तो म्हणाला, "बाईंनी याला कविता म्हणायला उभं केलं होतं. तेव्हा हा असाच उभा होता." आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी त्याने आणखी एकही टोमणा मारला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

अताने चित्राकडे एकदाच, तिरकं पाहिलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर बुरुलने त्याला चहा दिला, मान खाली घालून, दोन्ही हातांनी. सगळं पूर्वीसारखं. फक्त वाडगा घेताना तो म्हणाला, "कान बरोबर आहे," आणि हे तो वाडग्याला म्हणाला नव्हता.

अता पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेला. बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होत्या, त्यात बुरुलही होती. पुरुष त्याला घेऊन टेकडीवर गेले. बायका मातीला जात नाहीत.

उन्हाळ्यात दगडाचा प्रश्न निघाला. जोल्चूने येताना पासपोर्टचा फोटो मोठा करून आणला होता, कॉम्प्युटरवर पदकंही लावून घेतली होती. "हा कसा भारदस्त वाटतो," तो म्हणाला. सगळे बसले होते, बैशेनही होता. बुरुल उठली, चित्र घेऊन आली, मानाच्या जागी भिंतीला टेकवून ठेवलं आणि समोवारपाशी आपल्या जागेवर जाऊन बसली. मग तिने जोल्चूचा वाडगा भरून दोन्ही हातांनी पुढे केला.

जोल्चूला राग आला. "दगडावर हे? अशा तोंडाने? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला माहीत नाही," बैशेन म्हणाला. "मी रोज त्या रस्त्याने जातो. रोज त्याला सलाम करतो. पोरा, आता तू सांग, मी एका मेंढीचोराला सलाम करायचा का?" मग त्याने फोटोवरच्या पदकांवर बोट ठेवलं. "तोसुद्धा सरकारी."

सागिन हसला. बापाच्या मागे, थोरल्या भावासमोर, पहिल्यांदाच मोठ्याने हसला. आणि म्हणाला, "अतांनीच सांगितलं होतं. मी ऐकलंय. हाच नको म्हणाले होते." जोल्चूने फोटो गुंडाळून ठेवला.

बुरुल चित्र घेऊन नारिनच्या दगड कोरणाऱ्याकडे गेली आणि तीन दिवस त्याच्या डोक्यावर बसली. "उजवा कान लहान आहे, लहानच काढ," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कोरणाऱ्याने वैतागून विचारलं, "एजे, हे तुमचे कोण?" नाव तर तिला घेता येत नव्हतं. ती म्हणाली, "यांचं देणं लागते मी." वर्षाच्या जेवणाला तिने तांबडीची नात स्वतः परड्यातून आणली, लगाम सागिनच्या हातात दिला आणि मागे न बघता कणीक मळायला गेली.

ती अजूनही दर मंगळवारी रंग आणायला आणि शाळेची कामं करायला नारिनला जाते. गाडी टेकडीखालून वळते तिथे दगड दिसतात, सगळे रस्त्याकडे तोंड करून. अताचा सहावा आहे. तो जवळ आला की बुरुलची मान आपोआप खाली जाते. सवयच तशी. मग गाडीतला एखादा म्हातारा दुआ मागून 'ओमिन' म्हणतो, आणि गेलेल्यांसाठी ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. क्षणभर गाडीतले सगळे डोळे झाकलेले असतात. बुरुल तेवढ्यात हात मांडीवर ठेवते, मान वर करते आणि सरळ बघून घेते.